काचपट्टीवरचा मराठवाडा

सेंगा औरंगाबादेन्सिस आणि सेंगा गोदावरीआय ही नावं १९८० सालची. सेंगा पैठणेन्सिस १९८१चं. लायटोसेस्टस मराठवाडाएन्सिस १९८८चं, आणि त्यानंतर दहा वर्षांनी लायटोसेस्टस नळदुर्गेन्सिस. पुढे तेरणा नदीचं नाव आलं, शेजारच्या खानदेशातल्या चाळीसगावचंही आलं. हे सगळे माशांच्या आतड्यात राहणारे पट्टकृमी, म्हणजे चपटे, फितीसारखे जंत. काही जेमतेम नखाएवढे, काही वीतभर लांब. प्राणिशास्त्राच्या जागतिक याद्यांत मराठवाड्याचा भूगोल ज्या वाटेनं शिरला, ती वाट गोदावरीतल्या वाम माशाच्या पोटातून जाते, आणि तिचा शेवटचा टप्पा औरंगाबादच्या प्रयोगशाळेतल्या एका बाटलीशी येऊन थांबतो. बाटलीत पाण्यासारखं दिसणारं, पण उग्र वासाचं झायलॉल असायचं.

हा इतिहास सहसा कुणी सांगत नाही. शोध कुणी लावला, नाव कुणी दिलं, हे नोंदवलं जातं. तो शोध डोळ्यांना दिसावा म्हणून वस्तू पारदर्शक कशी केली, हे शोधनिबंधात एका ओळीत उरकतं. त्या काळचे औरंगाबादचे निबंध उघडले, की ती ओळ जवळजवळ शब्दशः तशीच भेटत राहते: कृमी दाबून सपाट केले, चार टक्के फॉर्मेलिनमध्ये ठेवले, हॅरिस हिमॅटॉक्सिलिननं रंगवले, चढत्या अल्कोहोलमधून नेले, झायलॉलमध्ये स्वच्छ केले, डीपीएक्समध्ये बसवले, आणि कॅमेरा ल्युसिडाच्या मदतीनं चित्रं काढली. माझ्या मते त्या सगळ्या कामाचं बळ या ओळीत आहे आणि दुखणंही इथंच आहे.

मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. सुं. रा. डोंगरकेरी पहिले कुलगुरू. त्याआधी इथली महाविद्यालयं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. निजामाचं राज्य संपून दहा वर्षं झाली होती, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकारानं १९५० साली सुरू झालेल्या मिलिंद महाविद्यालयानं वाट मोकळी केली होती, आणि आपल्या घरातले पहिलेच पदवीधर होणारे तरुण खेड्यांतून शहरात येत होते. या मुलांना विज्ञानात संशोधन करायचं, तर कशावर करायचं? महागडी यंत्रं नव्हती. मुंबई-पुण्यासारख्या जुन्या संस्थांचा वारसा नव्हता. होती ती नदी, बाजार आणि खाटीकखाना.

परोपजीवी कृमींचा अभ्यास इथं रुजला तो याच कारणानं, असं मला वाटतं. त्यासाठी कच्चा माल फुकटात मिळतो. मासे चिरणाऱ्यांना, कोंबड्या-बकऱ्या कापणाऱ्यांना आतड्यांचा उपयोग नसतो. संशोधकाला नेमकी तीच हवी असतात. एक सूक्ष्मदर्शक, थोडी रसायनं आणि संदर्भासाठी दोन मोठे ग्रंथ असले की काम सुरू होतं. साउथवेलचे ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेतले पट्टकृमींवरचे खंड १९३०चे. सत्यू यामागुती या जपानी शास्त्रज्ञाचा पट्टकृमींवरचा अवाढव्य खंड आला १९५९ साली, म्हणजे विद्यापीठ स्थापन झाल्यावर पुढच्याच वर्षी. जगातल्या सगळ्या ज्ञात पट्टकृमींची मांडणी एका जागी मिळाली आणि आपल्या हातातला कृमी त्या मांडणीत बसतो की नाही, हे औरंगाबादेत बसून तपासता येऊ लागलं.

प्राणिशास्त्र विभागात हे काम उभं केलं जी. बी. शिंदे यांनी. १९६८ मध्ये त्यांनी गोड्या पाण्यातल्या मरळीच्या जातकुळीच्या माशातून मिळालेल्या पट्टकृमीसाठी एक नवं जीनसच, म्हणजे जातींचा नवा गटच, मांडलं: सर्कमऑन्कोबॉथ्रियम. डोक्यावर आकड्यांचं वर्तुळ असलेला हा कृमी. निबंध छापला गेला तो इटलीतल्या परोपजीवीशास्त्राच्या नियतकालिकात. विद्यापीठाचं वय तेव्हा दहा वर्षं. पुढे बी. व्ही. जाधव आणि त्यांच्यानंतरच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी ही परंपरा लातूर, नांदेड, उस्मानाबादपर्यंत नेली. दरम्यान पैठणला जायकवाडी धरण उभं राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, २४ फेब्रुवारी १९७६ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. नाथसागराच्या पाण्यावर भोई समाजाची मासेमारी वाढली. ज्या वाम माशाचं कालवण पैठणकडे आवडीनं खाल्लं जातं, त्याच्याच आतड्यातून निघालेल्या कृमींना धरणानंतर चार-पाच वर्षांच्या आत गोदावरी, पैठण आणि औरंगाबाद ही नावं मिळाली.

आता त्या एका ओळीकडे वळू.

ताज्या आतड्यातून काढलेला पट्टकृमी पांढरट, अपारदर्शक आणि आक्रसणारा असतो. त्याला स्वतःचं आतडं नसतं. यजमानाच्या आतड्यातलं अन्न तो कातडीवाटेच शोषतो. बहुतेक पट्टकृमींचं शरीर खंडाखंडांचं असतं आणि जवळजवळ प्रत्येक खंडात नर आणि मादी असे दोन्ही अवयव असतात. लायटोसेस्टससारख्या काहींना खंड नसतात, अवयवांचा एकच संच असतो. जात ओळखायची ती या अवयवांवरून: वृषण किती आणि कुठे, अंडाशयाचा आकार कसा, पीतक ग्रंथींच्या रांगा कुठून कुठपर्यंत, डोक्यावर आकडे किती. म्हणजे ओळखीच्या सगळ्या खुणा शरीराच्या आत, आणि शरीर तर दुधासारखं पांढरं.

म्हणून तो आधी दोन काचपट्ट्यांमध्ये ठेवून दाबतात, पट्ट्यांना दोरा गुंडाळतात आणि फॉर्मेलिनमध्ये सोडतात. मग पाण्यानं धुऊन रंग. हिमॅटॉक्सिलिन हा मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून मिळणारा रंग. पेशींच्या केंद्रकांना तो निळा-जांभळा पकडतो. रंग जास्त चढला तर आम्लयुक्त अल्कोहोलनं उतरवायचा. इथपर्यंत कृमी रंगलेला असतो, पण आतलं काही स्पष्ट दिसत नाही. यानंतर ३०, ५०, ७०, ९० आणि शेवटी १०० टक्के अल्कोहोल. एकेका पायरीवर शरीरातलं पाणी बाहेर आणि अल्कोहोल आत. घाई केली तर नाजूक ऊती आक्रसतात, म्हणून पायऱ्या. या अल्कोहोलसाठी उत्पादन शुल्क खात्याचा परवाना, नोंदवही, हिशेब हे सगळं सांभाळावं लागतं. जीवशास्त्राच्या विभागांत काम केलेल्या प्रत्येकाला ती वही आठवत असेल.

आणि मग झायलॉल. कृमी त्यात टाकला की कडेपासून आत बदल सरकत जातो. पांढरेपणा विरघळतो आणि आतले अवयव, इतका वेळ झाकलेले, रंगासह वर येतात. वृषणांचे गोळे मोजता येतात. गर्भाशयातली अंडी एकेक दिसतात.

हे घडतं कसं? ऊतींमधली प्रथिनं आणि त्यांच्या भोवतीचं पाणी प्रकाशाला सारखंच वाकवत नाहीत. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, कोरड्या प्रथिनांचा १.५३च्या आसपास. प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना दर सीमेवर थोडा विखुरतो आणि ऊतीत अशा सीमा असंख्य असतात. पाण्याच्या जागी १.५०च्या आसपासचं झायलॉल शिरलं की फरक जवळजवळ मिटतो आणि प्रकाश सरळ पार होतो. भज्यांचं तेल लागलेला कागद जिथं तेल मुरलं तिथं पारदर्शक होतो, तोच हा प्रकार: कागदाच्या तंतूंमधली हवा गेली आणि तिच्या जागी तंतूंच्या जवळच्या अपवर्तनांकाचं तेल आलं. काचेचा अपवर्तनांकही १.५२च्या घरात, त्यामुळे काच, ऊती आणि त्यांना धरून ठेवणारा डिंक असे तिन्ही मिळून प्रकाशासाठी जवळपास एकच माध्यम होतं.

पण झायलॉल पाण्याशी अजिबात जुळवून घेत नाही. अल्कोहोलच्या शेवटच्या पायरीत थोडंसं पाणी राहिलं, तर कृमी झायलॉलमध्ये जाताच दुधाळ ढग उठतो. मग परत शुद्ध अल्कोहोलमध्ये न्यायचं आणि पुन्हा यायचं. पावसाळ्यात हा त्रास वाढतो, कारण उघडी राहिलेली शुद्ध अल्कोहोलची बाटली हवेतलंच पाणी ओढून घेते. त्या ढगाकडे दुर्लक्ष करून पट्टी बनवली तर ती आज चालते. काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी धुरकट होते. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढची सगळी गोष्ट या धुरकटपणाशी जोडलेली आहे.

ऊती पारदर्शक करण्याची ही कला औरंगाबादला पोहोचली तेव्हा शंभर वर्षांहून अधिक जुनी झालेली होती. १८५१ मध्ये जेकब लॉकहार्ट क्लार्क या इंग्रज वैद्यानं मज्जारज्जूच्या अभ्यासात एक युक्ती वापरली. मज्जारज्जूचे काप अल्कोहोल आणि अ‍ॅसेटिक आम्लातून काढायचे, टर्पेंटाइनमध्ये भिजवायचे आणि कॅनडा बाल्समच्या चिकात बसवायचे. तोवर संशोधक ऊती पाण्यात किंवा वाळवून पाहत आणि जाड कापात फारसं काही दिसत नसे. क्लार्कला मज्जारज्जूच्या आतले पेशींचे स्तंभ दिसले. त्यांतला एक आजही त्याच्या नावानं ओळखला जातो. टर्पेंटाइननंतर लवंगेचं तेल आलं, सिडारवुड तेल आलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोळशाच्या डांबरातून बेंझीन, टोल्युईन आणि झायलीन (म्हणजेच झायलॉल) मुबलक मिळू लागलं आणि तेलांचा भाव उतरला.

झायलीनचा विजय झाला तो मात्र त्याच्या पारदर्शक करण्याच्या गुणापेक्षा मेणामुळे. १८६९ मध्ये एडविन क्लेब्सनं ऊती पॅराफिन मेणात रोवण्याची पद्धत वापरली आणि १८८०च्या दशकात मेणातल्या ऊतींचे सलग पातळ काप यंत्रानं काढता येऊ लागले. मेण अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, झायलीनमध्ये विरघळतं; झायलीन अल्कोहोलशीही जुळतं. दोघांमध्ये मध्यस्थ म्हणून ते जे बसलं, ते जगभरच्या रुग्णालयांत अजून बसलेलं आहे. औरंगाबादचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सगळ्यांची घाटी, १९५६ साली सुरू झालं. अशा प्रत्येक रुग्णालयाच्या विकृतिशास्त्र विभागात गाठीचा तुकडा कर्करोगाचा आहे की नाही हे ठरण्याआधी अल्कोहोल, झायलीन आणि मेण हाच रस्ता चालतो. विद्यापीठातल्या कृमीचं आणि रुग्णालयातल्या गाठीचं रसायन एकच होतं. फरक असा, की गाठीचा निकाल काही दिवसांत लागतो आणि कृमीचा निकाल पुढच्या पिढ्या लावतात.

डीपीएक्सचीही दखल घ्यायला हवी. कॅनडा बाल्सम हा झाडाचा चीक, काळाबरोबर पिवळा पडणारा आणि आम्लामुळे रंग फिकट करणारा. १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये कर्कपॅट्रिक आणि लेंड्रम यांनी पॉलिस्टायरीन, प्लॅस्टिक मऊ ठेवणारं द्रव्य आणि झायलीन यांचं मिश्रण तयार केलं. ते स्वच्छ होतं, रंग टिकवणारं होतं आणि स्वस्तही होतं. भारतातल्या महाविद्यालयांनी ते मनापासून स्वीकारलं. झायलॉलमधून काढलेला कृमी थेट त्यात बसवता येतो, कारण त्या मिश्रणात झायलीन आधीच असतं. औरंगाबादच्या निबंधांतली ही जोडी त्यामुळे अगदी शहाणपणाची होती.

पट्टी तयार झाली की कॅमेरा ल्युसिडा. सूक्ष्मदर्शकाला लावलेल्या छोट्या प्रिझ्ममधून एकाच डोळ्याला कृमीही दिसतो आणि कागदावरची पेन्सिलही. रेष रेषेवर ठेवत चित्र काढायचं, मिलिमीटरमध्ये मापं घ्यायची, यामागुतीच्या मांडणीशी ताडून पाहायचं, जवळच्या जातींशी फरक लिहायचा. वृषणांची संख्या वेगळी, आकड्यांची संख्या वेगळी, अंडाशयाचा आकार वेगळा. फरक पुरेसा वाटला की नवी जात.

अशा शेकडो नोंदी झाल्या. विद्यार्थी पीएच.डी. झाले, जिल्ह्याजिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत शिकवू लागले, आपल्या गावच्या नदीतले मासे तपासू लागले. मराठवाड्यातल्या गोड्या पाण्यातल्या माशांच्या, कोंबड्यांच्या, शेळ्या-मेंढ्यांच्या परोपजीवींची एवढी नोंद या लोकांनी केली नसती तर कुणीच केली नसती. हे श्रेय कुणी काढून घेऊ शकत नाही.

पण २०११ मध्ये एक मोठा धक्का बसला. मांगूर माशात, म्हणजे क्लॅरियस बॅट्रॅकसमध्ये, राहणाऱ्या खंडहीन पट्टकृमींचा भारत, इंडोनेशिया आणि थायलंडमधल्या नव्या-जुन्या नमुन्यांवरून फेरआढावा प्रसिद्ध झाला. भारतीय आणि झेक संशोधकांनी मिळून केलेलं हे काम. तोवर या एका माशातून १५ जीनसमधल्या ५९ जातींना नावं दिली गेली होती. त्यांतल्या फक्त ८ त्यांनी ग्राह्य धरल्या. उरलेली नावं त्या आठांचीच दुसरी नावं ठरली किंवा तपासण्याच्या पलीकडची. देशभरच्या प्रयोगशाळांनी दिलेली नावं त्यांत होती आणि मराठवाड्यात दिलेलीही होती.

याचं कारण अज्ञान होतं, असं म्हणणं अन्यायाचं आहे. कारण पद्धतीत होतं. दोन काचपट्ट्यांमध्ये दाबलेला जिवंत किंवा नुकताच मेलेला कृमी किती पसरेल, हे दाबावर अवलंबून असतं. एकाच मासळीतल्या दोन कृमींपैकी एक जास्त दाबला गेला तर त्याची रुंदी वाढते, अंडाशय पसरतो, मापं बदलतात. मासा बाजारात तासन्‌तास पडलेला असेल तर आतला कृमी सडायला लागलेला असतो, आकडे गळलेले असतात. अशा दोन पट्ट्यांमधला फरक कागदावर दोन जातींमधल्या फरकासारखा दिसतो. झायलॉल जे आत आहे तेच दाखवतं. दाबून बदललेलं शरीर ते बदललेलंच दाखवतं.

झेक गटाची पद्धत याच ठिकाणी वेगळी आहे आणि ती वाचताना मला फार शिकायला मिळालं. मासा ताजा असताना उघडायचा. कृमी न दाबता, जवळजवळ उकळत्या फॉर्मेलिनमध्ये टाकायचा, म्हणजे तो आक्रसण्याआधी ताठ राहतो. रंग कार्माईनचा. अल्कोहोलनंतर पारदर्शक करायला लवंगेचं तेल, आणि बसवायला कॅनडा बाल्सम. झायलीननं मागे टाकलेली एकोणिसाव्या शतकातली दोन्ही द्रव्यं अजून चालू आहेत, कारण लवंगेचं तेल सावकाश आणि हळुवार काम करतं आणि थोडं पाणी राहिलं तरी सांभाळून घेतं. डोक्याची रचना पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, आतली रचना ताडायला मेणातले सलग काप.

तरीही माझ्या मते खरा घाव पद्धतीचा नव्हता, पट्ट्यांचा होता. फेरतपासणी करणाऱ्याला पहिल्यांदा लागते ती मूळ पट्टी, जिच्यावरून नाव दिलं गेलं. ती मिळाली तर वाद सुटतो: कृमी दाबलेला होता का, आकडे गळले होते का, हे कुणालाही दिसतं. भारतीय पट्टकृमींच्या बऱ्याच जातींच्या मूळ पट्ट्या मागितल्या तेव्हा मिळाल्या नाहीत किंवा तपासण्यासारख्या अवस्थेत राहिल्या नव्हत्या. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था १९१६ पासून आहे, तिचं पुण्यातलं केंद्र १९५९ पासून. पैठणहून पुणे लांब नाही. पण नमुना तिथं पोहोचवून क्रमांक घ्यावा आणि तो निबंधात छापावा, ही सवय आपल्याकडच्या विद्यापीठांत उशिरा रुजली. विभागाच्या कपाटावरच विश्वास राहिला. आणि कपाटातल्या पट्ट्या बनवणारा माणूस निवृत्त झाल्यावर कुणाच्याच राहत नाहीत.

प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २०००पासून लागू झाली. तेव्हापासून नव्या जातीचा मूळ नमुना स्पष्टपणे ठरवणं आणि तो कुठल्या संग्रहात ठेवणार हे लिहिणं सक्तीचं आहे. औरंगाबादची बहुतेक नावं त्याआधीची. त्या वेळच्या नियमांनुसार ती रीतसर दिलेली नावं आहेत, त्यामुळे ती नुसती पुसून टाकता येत नाहीत. प्रत्येक नावाचा निकाल लावावा लागतो.

झायलीनचे स्वतःचे दिवसही आता पूर्वीसारखे नाहीत. त्याच्या वाफेनं डोकं दुखतं, डोळे-घसा चुरचुरतात, आणि तंत्रज्ञांना ते रोज हाताळावं लागतं, म्हणून पर्याय शोधले जात आहेत. २०१४ मध्ये भारतातल्याच एका अभ्यासात मेणात रोवण्याआधी ऊती स्वच्छ करायला खोबरेल तेल वापरून पाहिलं गेलं आणि निकाल आशादायक आले. मोठ्या प्रयोगशाळांत तर अख्खा मेंदूच पारदर्शक करतात: २०१३ मध्ये स्टॅनफर्डमधल्या कार्ल डायसरॉथ यांच्या गटानं उंदराच्या मेंदूतली चरबी काढून त्याला आरपार केलं आणि न कापता आतले मज्जातंतू पाहिले. जर्मन शरीररचनातज्ज्ञ वर्नर श्पाल्टेहोल्झ यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच विंटरग्रीन तेलासारख्या द्रव्यांत अख्खे अवयव पारदर्शक करून दाखवले होते. डायसरॉथ यांच्या कामानं तीच इच्छा वेगळ्या रसायनानं पुढे नेली.

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, आता डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असं नाव असलेल्या त्याच विद्यापीठात किंवा त्याच्या छायेतल्या एखाद्या महाविद्यालयात, कुणी तरुण संशोधक हे काम आज हाती घेईल तर त्याला सुरुवात पैठणपासूनच करावी लागेल. सेंगा पैठणेन्सिस आणि सेंगा औरंगाबादेन्सिस वेगळे आहेत की एकच, हे ठरवायला त्याच पाण्यातला ताजा वाम हवा. पहाटे जाळी बाहेर येतात तेव्हा काठावर हजर राहून मासा तिथंच उघडावा लागेल. मिळालेल्या प्रत्येक कृमीचा एक तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये जाईल, डीएनएसाठी, कारण फॉर्मेलिनमध्ये गेलेल्या ऊतीतून तो नीट मिळत नाही. उरलेला कृमी न दाबता गरम फॉर्मेलिनमध्ये, मग रंग, अल्कोहोलच्या पायऱ्या, आणि झायलॉल किंवा लवंगेचं तेल, जे हाताला सवयीचं असेल ते. पट्ट्या दोन संग्रहांत जातील, एक पुण्याला, एक परदेशात, आणि त्यांचे क्रमांक निबंधात छापले जातील. विभागातली जुनी कपाटंही त्याच वेळी उघडायला हवीत: १९६८पासूनच्या ज्या पट्ट्या अजून स्वच्छ आहेत त्यांची छायाचित्रं काढून, यादी करून त्या संग्रहालयाकडे द्यायला हव्यात. धुरकट झालेल्यांचं डीपीएक्स झायलीनमध्येच विरघळतं. काही आठवडे बुडवून ठेवलं तर काच सुटते, कृमी परत शुद्ध अल्कोहोलमध्ये नेता येतो, राहिलेलं पाणी काढता येतं आणि तो नव्यानं बसवता येतो.